कानबाईचा रविवार

दोंडाईच्यापासून रिक्षाने पाऊण तास आत गेलं की जे गाव लागतं, तिथे वच्छलाबाईचं नाव घेतलं की लोक आधी हात जोडतात आणि मग ती कुठे राहते ते सांगतात. पाच-पन्नास घरांच्या त्या भाऊबंदकीत एकमेकांशी धड बोलणारी घरं शोधावी लागतील. बांधावरून भांडण, गटारीवरून भांडण, लग्नात आहेर कमी आला म्हणून भांडण. पण श्रावणात कानबाई बसायची वेळ आली की सगळे एका ओट्यावर येतात, आणि तो ओटा वच्छलाबाईचा असतो. ती फार गोड बोलते असं नाही, उलट जरा फटकळच. पण तिच्या घरावर कानबाईची कृपा आहे, देवीने तिच्या घरात साक्षात चमत्कार करून दाखवला, असं सगळे मानतात. ही कृपा वच्छलाबाईच्या गळ्यात कशी पडली, ते मात्र बरीच वर्षं कोणाला ठाऊक नव्हतं.

खानदेशात कानबाई म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला थोडं सांगावं लागतं. नागपंचमीनंतरच्या रविवारी तिला बसवतात. देवी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जपलेला नारळ. त्याला चांदीचे डोळे लावायचे, नथ घालायची, लुगडं नेसवायचं, चौरंगावर बसवायचं, आणि सोमवारी डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर न्यायचं. कुळातल्या एकेका पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेऊन दळतात आणि त्या पिठाचे रोट करतात. माणूस गावात असो की मुलखाबाहेर, त्याची मूठ धरायचीच. तो रोट पुनवेच्या आत संपवायचा आणि कुळाबाहेरच्या कोणी खायचा नाही. आणि कुळात कोणी गेलं, सुतक पडलं, की कानबाई नाही. ऐन त्या रविवारीच कोणी गेलं तर सणच मोडतो. मग त्याच दिवशी घरात पोर जन्माला येईपर्यंत वर्षानुवर्षं देवी पेटीत पडून राहते.

वच्छलाबाईचा सासरा असाच ऐन कानबाईच्या रविवारी गेला, आणि देवी पेटीत गेली. त्यानंतर घरात काही वाईट झालं की म्हातारी माणसं पेटीकडे बघायची. वच्छलाबाईच्या सुनेचं, मोहिनीचं, पोर पोटात टिकेना. एकदा गेलं, पुन्हा गेलं. भाऊबंद म्हणत, देवी उपाशी आहे. वच्छलाबाई रोज पेटीपुढे दिवा लावायची आणि म्हणायची, माय, एकदा तुझ्या दिवशी या घरात पोर येऊ दे, मग मरेपर्यंत तुला खाली ठेवणार नाही. आणि झालंही तसंच. मोहिनी ऐन त्या रविवारी दोंडाईच्याच्या दवाखान्यात बाळंत झाली, मुलगा झाला. त्याचं नाव कन्हैया ठेवलं. आता पुढच्या श्रावणात कानबाई बसणार म्हणून वच्छलाबाईचे पाय वर्षभर जमिनीला लागले नाहीत.

तो पुढचा श्रावण म्हणजे नोटा बदलल्या त्या वर्षीचा.

रविवारची सकाळ. चुलीवर पुरण शिजत होतं, अंगणात खापरावर मांडे भाजायला बायका सरसावून बसल्या होत्या, भाऊबंद मांडव बांधत होते. वच्छलाबाईचा नवरा हिलाल, गावाचा हिलालआबा, मुलाला, अमृतला, घेऊन फुलं आणायला दोंडाईच्याला गेला होता. हिलालचा फोन घरातच चार्जिंगला लावलेला. तो वाजला. दर रविवारी सकाळी तो वाजायचाच, कारण सुरतेहून वनाचा फोन यायचा. वना हिलालचा धाकटा भाऊ. दोघा भावांचं बोलणं म्हणजे तिकडे पाऊस आहे का, इकडे नाही, जेवला का, जेवलो, एवढंच. पण तेवढं झाल्याशिवाय हिलाल रविवारी जेवायला बसत नसे.

वना गाव सोडून गेला त्याला वच्छलाबाईही थोडी कारणीभूत होती. वनाची बायको कोकिळा. तिला मूलबाळ नाही. फार पूर्वी, सासरा असताना, कानबाई नदीवर नेताना कोकिळाने हौसेने देवी डोक्यावर घ्यायला हात पुढे केले, तेव्हा चारचौघीत वच्छलाबाई म्हणाली होती, तू नको, जिची कूस उजवली तिने घ्यावी. कोकिळाने हात मागे घेतले. वनाने ते पाहिलं आणि पुढच्याच महिन्यात तो बायकोला घेऊन सुरतेला गेला. तिथे रंगाच्या कारखान्यात वॉचमन झाला. गावची माणसं राहतात त्या वस्तीपासून लांब त्यांची खोली होती, आजूबाजूला सगळे ओडिशाकडचे कामगार. पुन्हा तो गावी आला तो बापाच्या दहाव्याला, आणि लगेच परत गेला.

वच्छलाबाईने पुरणाचा हात पुसला आणि फोन घेतला.

"अक्का, हाई मी कोकिळा. तुम्हना देर गयात व अक्का. आते सकायमाच गयात. आबाले सांगा. मन्हाजोडे कोणी नही."

बाहेर बायका कसल्याशा थट्टेवर खदखदून हसत होत्या. वच्छलाबाई तशीच उभी राहिली. वना गेला हे तिच्या मनात शिरायच्या आधी दुसरंच शिरलं. सुतक. पुन्हा त्याच रविवारी. पाळण्यात कन्हैया झोपला होता, त्याच्या कपाळाला अंगारा लावलेला. आता दारात जाऊन सांगायचं, तर मांडव सोडतील, खापर विझवतील, देवी पुन्हा पेटीत जाईल, आणि लोक एकदा पेटीकडे आणि एकदा या पोराकडे बघतील. वना तर गेलाच आहे, तिने मनाशी म्हटलं. आज सांगितलं काय न् उद्या सांगितलं काय, गेलेला माणूस परत येत नाही.

"रडू नको," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "आम्ही निघतस. बठ्ठा येतस. आम्ही येतस तोपावत त्यासले नेऊ देऊ नको. आन दुसरा कोणले फोन करू नको, मी बठ्ठासले सांगस."

"या अक्का. मी वाट देखस," कोकिळा म्हणाली.

वच्छलाबाईने मोरीत जाऊन फोन पाण्याच्या बादलीत सोडला आणि जरा वेळ हाताने तळाशी धरून ठेवला. एखादं जिवंत काहीतरी दाबून धरावं तसा. मग बाहेर येऊन कपाळावर हात मारून घेतला, की आबाचा फोन माझ्या हातून पाण्यात पडला गं बाई. हिलाल फुलं घेऊन आला तेव्हा हसला. म्हणाला, कानबाईला आज कोणाची कटकट नको दिसते. नंबर सगळे त्यातच राहिले, वनाशी उद्या बोलेन.

दुपारी वच्छलाबाईने देवीला डोळे लावले. मेण गरम करून नारळावर चांदीचे डोळे चिकटवायचे, हे घरच्या मोठ्या सुनेचं काम. उजवा लावला, डावा लावला. तिचे स्वतःचे डोळे वाहत होते, बायकांना ती भक्ती वाटली. शेवंताबाई, भाऊबंदकीतली सगळ्यात म्हातारी बाई, तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, रड माय, रड, इतक्या वर्षांनी आई घरी आली. मग नैवेद्य झाला आणि सगळ्या कुळाने रोट खाल्ला. त्यात वनाच्या नावाची सव्वा मूठ होती. हिलालने आपल्या वाट्याचा घास मोडताना म्हटलंसुद्धा, वनाचा वाटा बांधून ठेव, पुनवेच्या आत कोणाबरोबर तरी सुरतेला धाडू.

सकाळच्या गाडीने निघाले असते तर संध्याकाळच्या आत सगळे कोकिळाच्या दारात पोचले असते.

सोमवारी देवी नदीवर गेली. ढोल वाजला, बायका फुगड्या खेळल्या, वच्छलाबाईने कानबाई डोक्यावर घेतली आणि घाटापर्यंत कोणाच्या हाती दिली नाही. घरी आल्यावर अमृतने बापाचं सिमकार्ड दुसऱ्या फोनमध्ये घातलं. घातलं न् घातलं तोच तो वाजला. सुरतेहून कोकिळाचा शेजारी मोडक्या हिंदीत सांगत होता, की वनाभाई कल गुजर गया, आपका फोन बंद था, कल अंधेरा होने पर उसको जला दिया.

हिलाल ओट्यावर बसला तो उठेचना. अमृतने त्याला उठवून गाडीत घातलं. वच्छलाबाईही गेली. न जाऊन चालणार नव्हतं.

कोकिळा खोलीच्या कोपऱ्यात बसली होती. ओडिया बायका तिच्याभोवती होत्या. हिलालने उंबऱ्यातूनच विचारलं, त्याचा आवाज फाटला होता, "एक दिन थांबता नही उनं तुले? एक दिन? मन्हा भाऊनं तोंड बी माले देखू दिधं नही! परकाना हातनी आग दिधी त्याले!"

कोकिळाने मान वर केली. तिने आधी हिलालकडे पाहिलं आणि मग त्याच्या मागे उभ्या असलेल्या वच्छलाबाईकडे. आता ही बोलणार. बोलली तर बरं, असंही तिला एका क्षणी वाटून गेलं.

"चूक व्हयनी, आबा," कोकिळा म्हणाली.

एवढंच. मग तिने पुन्हा मान खाली घातली. हिलालने तिच्या हातचं पाणीही घेतलं नाही. परतताना गाडीत तो म्हणाला, आजपासून हे नाव माझ्या घरात घ्यायचं नाही. वच्छलाबाई खिडकीशी बसली होती. तिने पदर तोंडावर ओढून घेतला. लोकांना वाटलं, दिरासाठी रडते आहे.

गावात मात्र त्या गोष्टीला भलतीच पालवी फुटली. वना ऐन रविवारी गेला तरी निरोप सोमवारी, देवी नदीवर पोचल्यावर आला, हे ऐकून शेवंताबाईने दोन्ही हात जोडले. बघा आईचं सत्त्व, ती म्हणाली. फोन पाण्यात कोणी पाडला? आईने पाडला! आपला सण पुरा करून घेतला आणि मगच निरोप सोडला, कळलं तिथून सुतक, म्हणून सण मोडला नाही. ही गोष्ट गावभर झाली, मग शेजारच्या गावांत गेली. दरवर्षी कानबाईला कोणी ना कोणी नवी सून आली की तिला ती सांगत, आणि सांगणारी शेवटी वच्छलाबाईकडे वळून विचारायची, असंच झालं ना गं? वच्छलाबाई मान हलवायची. तिने केलेल्या पापाला लोकांनी देवीचं नाव दिलं होतं, आणि ती दरवर्षी त्याला साक्ष देत होती.

ती शिक्षेची वाट बघू लागली. कन्हैयाला ताप आला की ती पाळण्याशी बसायची, की आता देवी न्यायला आली. ताप उतरायचा. पोरगं चांगलं दणकट झालं, झाडावर चढू लागलं, शाळेत शर्यतीत पहिलं आलं. मोहिनीला मग एक मुलगी झाली, तीही धडधाकट. कापूस चांगला आला, विहिरीला पाणी टिकलं. वच्छलाबाईला साधा काटाही मोडला नाही. मोठा आजार आला असता, साप चावला असता, काहीही झालं असतं तर ती म्हणाली असती, फेडलं. पण देवी काहीच करत नव्हती. दर श्रावणात तिच्यापुढे बसायचं, मेण तापवायचं, आपल्याच हाताने तिला डोळे लावायचे, आणि मग त्या डोळ्यांसमोर उभं राहायचं. ते डोळे रागावलेले नसत. नुसते बघत असत. वच्छलाबाईला त्याचाच धसका होता. एखादी बाई उसनं दिलेलं परत मागायला आली आणि काही न बोलता ओट्यावर बसून राहिली, तर घरातल्या बाईचा जीव कसा घाबरा होतो, तसा तिचा दर साली होई.

हिलालला सांगायचं तिने किती वेळा ठरवलं! जेवायला वाढताना ठरवायची, की याचं जेवण झालं की सांगते. तो हात धुवायचा, आणि तिचं धाडस त्या पाण्याबरोबर मोरीत जायचं. रविवारी सकाळी तो अजून फोन शेजारी घेऊन बसायचा. कोणाचा येणार नव्हता, तरी बसायचा. कधी कधी म्हणायचा, देवीने निरोप अडवला, ते तिचं तिला. पण कोकिळाला काय झालं होतं? चिता थोडी थांबली असती.

कोकिळा तोवर सुरत सोडून भुसावळला भावाकडे गेली होती. भाऊ रेल्वेत होता. ती रेल्वेच्या क्वार्टरांमध्ये लोकांकडे पोळ्या लाटायची, असं उडत उडत कानावर यायचं. कुळाची सून असून तिला त्यानंतर एकदाही रोट गेला नाही.

यंदा हिलालचं पोट फुगलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, आणि अमृतला बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, हवं ते खायला द्या. श्रावण लागला तसा तो पलंगावरून उठेनासा झाला. एका दुपारी त्याने अमृतला आणि वच्छलाबाईला जवळ बोलावलं. दोघांना वाटलं, शेताचं काही सांगतो की काय.

"मी मरी गऊ तं कोकिळाले कळावू नका," तो म्हणाला. "तिनी मन्हा भाऊ माले दखाडा नही. तिले बी मन्हं तोंड दखाडू नका."

अमृतने मान डोलावली. इतकी वर्षं वच्छलाबाईला वाटत होतं, आपलं पाप आपल्यापाशी आहे, जेव्हा भोगायचं तेव्हा आपण भोगू. आता तिला दिसलं, की ते या माणसाच्या छातीवर बसलं होतं, आणि तो ते घेऊन मरायला निघाला होता. एका निरपराध बाईचा द्वेष करत. सांगावं, तर मरताना बायकोचा द्वेष करेल. न सांगावं, तर देवाच्या दारात खोटा राग घेऊन उभा राहील. मग तिला वाटलं, जिला सगळं माहीत आहे अशी एकच बाई या जगात आहे, तिलाच विचारावं.

कानबाईच्या आदल्या शुक्रवारी, देवीसाठी नथ उजळायची म्हणून ती घरातून निघाली आणि भुसावळच्या गाडीत बसली.

क्वार्टर सापडायला वेळ लागला नाही. कोकिळा मागच्या ओट्यावर भरताची वांगी भाजत बसली होती. केस पार पांढरे झालेले. तिने वच्छलाबाईला पाहिलं, उठली, पाण्याचा तांब्या आणला, पाट मांडला. हातातलं सगळं झाल्यावर म्हणाली, "येवाले लई दिन लागनात, अक्का."

वच्छलाबाईला रडू आवरेना. ती तिच्या पायांवर डोकं ठेवायला वाकली, तर कोकिळाने पाय मागे घेतले.

"तव्हय का बोलनी नही तू? आबासमोर?"

"पोऱ्या व्हता ना घरमा," कोकिळा वांग्याची साल सोलता सोलता म्हणाली. "त्यानी पहिली कानबाई. मी बोलनी ऱ्हाती तं भाऊबंदसनी त्याले पांढरा पायना म्हटलं असतं. असं नाव पडनं का जनमभर निंघत नही. माले माहीत शे."

वच्छलाबाईला ते बोट कुठे रोखलेलं आहे ते कळलं. कोकिळाने मात्र आवाज चढवला नाही.

"मंग वाट देखी. म्हटलं, अक्का दहावाले सांगतीन. मंग म्हटलं, वरीसले सांगतीन. मंग मोजनं सोडी दिधं."

"मी दर साल वाट देखस, का कानबाई माले काहीतरी करी," वच्छलाबाई म्हणाली. "ती कायच करत नही वं. तिले दिखत नही का?"

"तिले तं तव्हयपासून माहीत शे," कोकिळा म्हणाली. "ती बी मन्हासारखीच वाट देखी ऱ्हायनी."

वांगी सोलून झाली. कोकिळाने ती परातीत ठेचायला घेतली.

"तू माले माफ करं का?" वच्छलाबाईने शेवटी विचारलं.

"नही," कोकिळा म्हणाली. मग जरा थांबून, "जेवण करी जा. गाडीले वेळ शे अजून."

वच्छलाबाई तिच्या हातचं भरीत-भाकरी जेवली. दारातून निघताना आबा आजारी आहेत, फार दिवस नाहीत, एवढं तिने सांगितलं. ये म्हणायचं धाडस झालं नाही.

शनिवारी दुपारी, घरात कोणी नसताना, तिने हिलालला सांगितलं. आडवळणाने नाही, सरळ सांगितलं. फोन आला होता. मी घेतला. मी तिला म्हटलं, आम्ही येतो, थांब. आणि मी फोन बादलीत बुडवला. दुसऱ्या कोणाला कळवू नको, असंही मीच म्हटलं.

हिलाल छताकडे बघत होता.

"कितला वाजता उना व्हता?" त्याने विचारलं.

"सकायमा. पुरण शिजी ऱ्हायनं व्हतं."

"सकायनी गाडी व्हती."

"व्हती," वच्छलाबाई म्हणाली.

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिने पाणी दिलं, घेतलं नाही. संध्याकाळी मोहिनीने दिलं, ते घेतलं. वच्छलाबाई पलंगाच्या पायाशी बसून राहिली. तिला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. हलकं वगैरे काही वाटलं नाही. फक्त वाट बघणं संपलं होतं.

रविवारी पहाटेच हिलालने अमृतला हाक मारली आणि म्हणाला, "भुसावळले जाय. तुन्ही काकूले लई ये." अमृत काही न समजून आईकडे बघू लागला. तिने मान हलवली तसा तो गेला.

बाहेर मांडव बांधून झाला होता. मेण तापवून मोहिनीने सासूपुढे ठेवलं, चांदीचे डोळे तबकात ठेवले. सगळ्या बायका गोळा झाल्या. नेहमीप्रमाणे शेवंताबाई एका नव्या सुनेला चमत्काराची गोष्ट सांगत होती, आणि सांगून झाल्यावर वळून म्हणाली, असंच झालं ना गं?

"नही," वच्छलाबाई म्हणाली. आणि तिने तिथे, देवीला अजून डोळे नव्हते तेव्हाच, सगळं सांगितलं.

बायकांनी तोंडाला पदर लावले. आम्हाला सुतकात रोट खायला घातलास, असं एक जण ओरडली. दुसरी उठून गेली. शेवंताबाई मात्र आपली गोष्ट सोडायला तयार होईना. ती पुटपुटत राहिली, की आईनेच हिच्या हातून करवून घेतलं असेल, तिची लीला आपल्याला काय कळते. पण बोलता बोलता तिने वच्छलाबाईच्या हातातले डोळे काढून घेतले आणि मोहिनीच्या हातात दिले. मोहिनीने ते रडत रडत लावले. वच्छलाबाई मागे जाऊन उभी राहिली. देवी तिच्याकडे तशीच बघत होती, जशी दर साली बघायची.

कोकिळा दुपारी आली. अमृतला तिने वाटेत काही सांगितलं नव्हतं. मांडवातली कुजबूज थांबली. तिने लांबूनच कानबाईला हात जोडले, आणि कोणाकडे न बघता ती आत हिलालच्या खोलीत गेली. वच्छलाबाई मागोमाग गेली, पण आत जायचा धीर झाला नाही. ती दारातच थांबली.

हिलालला उठून बसता येत नव्हतं. त्याने पडल्या पडल्या हात जोडले. जेठाने धाकट्या भावाच्या बायकोला हात जोडलेले या घरात कोणी पाहिले नव्हते.

"थांबता नही उनं तुले, असं मी म्हटलं व्हतं," तो म्हणाला. "तू थांबेल व्हती ना?"

"हा, आबा."

"कसा दिखत व्हता वना?"

कोकिळा पलंगाशी खाली बसली आणि सांगू लागली. घाई न करता, एकेक. आदल्या दिवशीच दाढी केली होती, हनुवटीला कापलं होतं, तिथे कागदाचा कपटा चिकटला होता, तो तसाच होता. डोळे नीट मिटले होते. लहानपणी बैलाने मारलेली भिवईवरची खूण पांढरी दिसत होती. दुपारी उकाडा वाढला तशी शेजारणी बर्फ आणायला धावल्या. त्यांनी ओल्या फडक्याने तोंड पुसलं, तेव्हा तो झोपेतून उठल्यासारखा तजेलदार दिसला होता. ओडिया पुरुष येऊन येऊन सांगत होते, बहनजी, अब ले जाते हैं, आणि ती म्हणत होती, माझी माणसं निघाली आहेत, येतीलच. दिवसभर तिने दुसरं काही केलं नव्हतं, त्यामुळे तिला सगळं आठवत होतं. हिलाल डोळे मिटून ऐकत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहत होतं. दारात वच्छलाबाईने चौकट घट्ट धरली होती.

"वाट देखी का त्यानी मन्ही?" हिलालने विचारलं. गेलेला माणूस वाट बघत नाही, हे त्याला काय कळत नव्हतं! तरी त्याने विचारलं.

"लोक म्हनेत, डोकं उत्तरले करा," कोकिळा म्हणाली. "मी आयकं नही. मी त्यासनं तोंड दिवसभर दरवाजाकडेच ठेयेल व्हतं, आबा. तुम्ही येशात म्हनीसन."

हिलालने डोळे उघडले आणि मान वळवून दाराकडे पाहिलं. तिथे वच्छलाबाई उभी होती. ती चौकट सोडून बाजूला सरली.